प्रोग्राममधल्या चुका: ओळखायच्या कशा, शोधायला कुठून लागायचं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

प्रोग्रामिंग नव्यानेच शिकणाऱ्या काही मुलांना सध्या शिकवतोय. रिवाजाप्रमाणे पहिल्याच आठवड्यात चुकांचे तीन प्रकार फळ्यावर लिहून झाले: सिंटॅक्स एरर (भाषेचे नियम मोडले), रनटाइम एरर (चालता चालता प्रोग्राम पडला), लॉजिकल एरर (चालला, पण उत्तर चुकलं). मुलांनी ते वहीत उतरवले, पाठही केले. पण प्रोग्राम अडला की तीच मुलं स्क्रीनकडे बघत बसतात. तीन व्याख्या तोंडपाठ असून चूक शोधायला त्यांचा काडीचा उपयोग होत नाही, असं माझं मत होत चाललंय.

उदाहरण देतो. (कोड टाकला की इथला संपादक निम्मी चिन्हं गिळतो, म्हणून शब्दांत लिहितो.) पाच आकड्यांची सरासरी काढायची आहे. आकडे ४०, ५०, ६०, ७०, ८०. बेरजेचं लूप (एकेक आकडा घेऊन तीच कृती परत करणारा भाग), मग पाचने भागायचं. उत्तर ६० यायला हवं, येतंय ५२. प्रोग्राम मध्येच पडत नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. एका मुलाने बराच वेळ डोकं खाजवलं, शेवटी छापायच्या ओळीत सरळ अधिक ८ लिहिलं आणि म्हणाला, "झालं सर."

तर प्रश्न असा: रोज हेच काम करणारे तुम्ही लोक चुकांची वर्गवारी मनात कशी करता? आणि शोधायला सुरुवात कुठून करता?

सावळा गोंधळ

मी दोनच प्रकार मानतो. माझ्या चुका आणि इतरांच्या चुका. पहिल्या प्रकारातली अजून एकही सापडलेली नाही.

अधिक ८ वाल्या मुलाला जपा. पुढे मॅनेजर होणार तो.

जुनाटजावा

पाटीपेन्सिल, तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. ५२ हा आकडा बोलका आहे. ६० ऐवजी ५२, म्हणजे ८ कमी. सरासरीत ८ कमी म्हणजे बेरजेत ८ गुणिले ५, ४० कमी. आणि ४० हा यादीतला पहिला आकडा. यादीतले खाने शून्यापासून मोजतात, म्हणजे लूप शून्याऐवजी एकपासून सुरू झालंय. कोड न बघता सांगतोय, पडताळून बघा.

नवशिक्यांना मी पहिली सवय हीच लावतो. उत्तर चुकलं म्हणजे काय, तर ते *किती* चुकलं आणि *कुठल्या बाजूला* चुकलं हे कागदावर मांडायचं, कोड मग उघडायचा. दुप्पट आलं तर काहीतरी दोनदा मोजलं जातंय. एकने कमीजास्त आलं तर लूपची किंवा तारखांची हद्द बघा. ३ तारखेपासून ७ तारखेपर्यंत दिवस किती विचारलं की निम्मे लोक सातातून तीन वजा करून चार सांगतात. दोन्ही दिवस धरले तर पाच होतात. सगळा ऑफ बाय वन, म्हणजे एकने चुकणं, एवढाच आहे.

आणखी एक युक्ती. ४०, ५०, ६० असले गुळगुळीत आकडे चाचणीला वापरूच नका. १, १०, १००, १०००, १०००० द्या आणि आधी नुसती बेरीज छापा. ११११० आलं तर पहिला सुटला. ११११ आलं तर शेवटचा सुटला. ११२११ आलं तर मधला दोनदा मिळवला गेला. बेरीज स्वतःच चूक कुठे ते सांगते.

पाटीपेन्सिल

दंडवत! लूप एकपासूनच सुरू होतं. आणि १, १०, १०० ची युक्ती उद्याच वापरतो.

गोधडी

जुनाटजावांच्या युक्तीला +१. मी टेस्टिंगवाली असल्यामुळे उलट बाजूने सांगते.

समजा त्या मुलाने चाचणीला ०, ५०, ६०, ७०, ८० घेतले असते, तर लूपने पहिला आकडा वगळूनही सरासरी बरोब्बर ५२ आली असती आणि सगळे खूश झाले असते. चुकीचा प्रोग्राम, बरोबर उत्तर. कामात मला सगळ्यात जास्त भीती याच जातीची वाटते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा सांगून गेलाय की टेस्टिंगने चुका *आहेत* हे दाखवता येतं, *नाहीत* हे कधीच दाखवता येत नाही.

म्हणून मुलांना इनपुट निवडायला शिकवा. रिकामी यादी. एकच आकडा असलेली यादी. ऋण आकडे. सगळे वेगवेगळे आकडे, म्हणजे कुठला सुटला ते लपणार नाही. अक्षरांत टाइप केलेला आकडा. चुका शक्यतो हद्दीवर राहायला असतात, मध्यावर क्वचित.

तिरपा डोळा

धागाकर्त्याशी असहमत. तीन प्रकार निरुपयोगी अजिबात नाहीत. शिकवताना घाई होते, एवढंच.

पहिल्या महिन्यात मुलांचा बहुतेक वेळ सिंटॅक्समध्येच जातो आणि तिथे ठोस शिकवण्यासारखं पुष्कळ आहे, जे कोणी शिकवत नाही. एक, कंपायलरने (आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने) चाळीस एरर दाखवल्या तरी फक्त *पहिली* वाचायची, ती दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. उरलेल्या एकोणचाळीसपैकी बऱ्याच पहिलीची पिल्लं असतात. दोन, दाखवलेला ओळ क्रमांक म्हणजे कंपायलर जिथे गडबडला ती जागा. चूक तिथेच असेल असं नाही. अर्धविराम विसरलात तर कधीकधी बोट पुढच्या ओळीवर ठेवलं जातं. बंद करायचा महिरपी कंस विसरलात तर थेट फाइलच्या शेवटच्या ओळीवर, जिथे बघण्यासारखं काहीच नसतं. तीन, संदेश *वाचायचा*. 'वाचलास का?' म्हटलं की 'हो, एरर आलीय' असं उत्तर येतं. काय आलीय ते सांग ना बाबा!

बैठा पहारा

तिरपा डोळा, सिंटॅक्सबद्दल मान्य. पण उरलेले दोन प्रकार चुकीवरून ठरत नाहीत, प्रोग्रामिंगच्या भाषेवरून ठरतात, आणि पाटीपेन्सिलांची अडचण नेमकी तिथे आहे.

तेच लूप घ्या. या वेळी चूक दुसऱ्या टोकाला करू. पाच आकडे, खाने शून्य ते चार, आणि लूप चुकून पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. जावात प्रोग्राम तिथल्या तिथे पडतो आणि कुठल्या ओळीवर पडला ते सांगतो. पायथॉनमध्येही तसंच. जावास्क्रिप्टमध्ये पडत नाही, 'अनडिफाइन्ड' मिळतं, ते बेरजेत मिसळलं की उत्तर 'नॅन' येतं, म्हणजे नॉट अ नंबर. सी भाषेत त्या शेजारच्या जागेत जे काही पडलं असेल ते उचलून बेरीज होते. आज बरोबर वाटेल, उद्या कचरा येईल, परवा प्रोग्राम कोसळेल. आता लूप उलट फिरवून शून्याच्या खाली वजा एकवर न्या. पायथॉन चूं न करता यादीतला *शेवटचा* आकडा देतो, कारण तिथे वजा एकचा अर्थच तो आहे.

चूक एकच. एका भाषेत ती रनटाइम, दुसऱ्या भाषेत लॉजिकल, तिसऱ्या भाषेत नशीब.

मी स्वतः वर्गवारी अंतरावर करतो. चूक झाली ती जागा आणि चूक *दिसली* ती जागा, यांत किती अंतर आहे? सिंटॅक्समध्ये एखाद्या ओळीचं. नलवर (जिथे काहीच ठेवलेलं नाही अशा संदर्भावर) आपटलात तर काही फंक्शनांचं. सीमध्ये हद्दीबाहेर *लिहिलंत*, तर शेजारचा व्हेरिएबल आत्ता बिघडतो आणि प्रोग्राम भलत्याच मॉड्यूलमध्ये अर्ध्या तासाने मरतो. ज्या ओळीवर मेला ती ओळ निर्दोष असते. अशा वेळी डोळ्यांनी कोड वाचत बसण्यात अर्थ नाही. व्हॅलग्राइंड किंवा ॲड्रेस सॅनिटायझर ही मेमरी तपासणारी हत्यारं लावून चालवा. ती बहुतेक वेळा हद्द ओलांडली त्याच क्षणी बोंब मारतात, म्हणजे अंतर शून्यावर येतं. डीबगिंगची जवळजवळ सगळी हत्यारं हे अंतर कमी करण्यासाठीच आहेत.

सावळा गोंधळ

> दुसऱ्या भाषेत लॉजिकल, तिसऱ्या भाषेत नशीब

वाखूण साठवली.

रातकिडा

बैठा पहारा यांचा 'अंतर' हा शब्द पटला. मी रात्रीच्या सपोर्टवर असतो, त्यामुळे आमच्याकडे चुका आडनाव न सांगता येतात. हातात असतो फक्त लॉग, म्हणजे प्रोग्रामने चालताना लिहिलेल्या नोंदी.

सगळ्यात जास्त वेळा भेटणारा पाहुणा म्हणजे नल. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरने १९६५ साली एका भाषेत नल रेफरन्स आणला, कारण अंमलात आणायला तो फार सोपा होता. पुढे २००९ मध्ये एका भाषणात त्याने स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कुणाला वाटेल अतिशयोक्ती आहे, त्याने माझ्याबरोबर एक रात्र बसावं.

नल शोधताना स्टॅक ट्रेस (पडताना कुठलं फंक्शन कुणी बोलावलं होतं त्याची यादी) वाचता आला पाहिजे, आणि तो लोकांना येत नाही. पायथॉनमध्ये खालून वर वाचा, नेमकी चूक सर्वांत खाली असते. जावात वरून खाली, पण आत 'कॉज्ड बाय' अशी ओळ असेल तर आधी शेवटच्या 'कॉज्ड बाय'वर उडी मारा, खरं कारण बहुतेक वेळा तिथे असतं. मग त्यातली आपल्या स्वतःच्या कोडची पहिली ओळ शोधा. लायब्ररीच्या पन्नास ओळींत चूक असण्याची शक्यता फार कमी.

पण त्या ओळीवर नल *दिसला*, तिथे तो *जन्मला* नाही. नवी मंडळी तिथेच 'नल नसेल तरच पुढे जा' अशी अट टाकून मोकळी होतात. प्रोग्राम पडायचा थांबतो आणि गिऱ्हाईकाची नोंद गुपचूप गायब व्हायला लागते. ही त्या अधिक ८ ची सुटाबुटातली आवृत्ती.

नवाकोरा

एवढं कशाला? एरर कॉपी करा, एआयला द्या, दुरुस्त करून मिळते. २०१० च्या पद्धती शिकवून मुलांचा वेळ का घालवायचा?

गोधडी

@नवाकोरा, आणि पाटीपेन्सिलांच्या ५२ मध्ये एरर कुठली कॉपी करणार? तिथे एरर नाहीच आहे.

रातकिडा

मीही वापरतो, लपवायचं कारण नाही. अनोळखी एररचा अर्थ विचारायला उत्तम. पण 'दुरुस्त कर' म्हटलं की अनेकदा तीच नलची अट हातात येते. चूक कुठून आली ते शोधायला सांगायचं असेल तर काय विचारायचं हे आधी आपल्याला कळावं लागतं.

नवाकोरा

ठीक. ५२ चा मुद्दा मान्य. बाकीच्यावर मत कायम.

शेवाळ

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर संगणकाच्या आकड्यांच्या चुका वेगळ्या काढून शिकवाव्यात असं सुचवेन, कारण तिथे प्रोग्रामरचं गणित बरोबर असतं.

०.१ + ०.२ करून बघा. पायथॉन, जावास्क्रिप्ट, दोन्हीकडे ०.३०००००००००००००००४ येतं. एक दशांश द्विमान पद्धतीत नेमका मांडताच येत नाही, जसं एक तृतीयांश दशमान पद्धतीत ०.३३३... असा लांबत जातो. म्हणून दोन दशांश आकडे समान आहेत का हे बरोबरच्या चिन्हाने तपासू नये, त्यांच्यातला फरक पुरेसा लहान आहे का ते बघावं. पैशांचे हिशोब तर लहानात लहान एककात, पूर्णांकातच ठेवावेत.

एवढीशी चूक काय करू शकते? २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं दहरान. पॅट्रियट ही क्षेपणास्त्रं अडवणारी यंत्रणा वेळ दशांश सेकंदांत मोजायची आणि ०.१ हा आकडा २४ बिटांत छाटून ठेवलेला होता. दर ठोक्याला चूक सुमारे ०.०००००००९५ सेकंद. यंत्रणा सलग १०० तास चालू होती, म्हणजे ३६ लाख ठोके. गुणाकार करा, ०.३४ सेकंद येतात. तेवढ्या वेळात येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे सरकतं. ते अडवलं गेलं नाही, २८ सैनिक मेले.

दुसरी जात ओव्हरफ्लो. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. पुढे एक मिळवला की बहुतेक यंत्रांवर आकडा एकदम ऋण होतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला होता: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रकातला एक काउंटर ओसंडून वीजपुरवठा बंद पडू शकतो. आता २१४७४८३६४७ शतांश सेकंदांचे दिवस करून बघा. २४८ आणि वर थोडे. अशा वेळी चूक शोधणाऱ्याचं काम सोपं होतं, कारण आकडाच ओळखीचा असतो, ठरावीक बिटांत मावणारा सर्वांत मोठा. २५५, ३२७६७, ६५५३५, २१४७४८३६४७, किंवा मिलिसेकंदांत मोजत असाल तर ४९.७ दिवस. लॉगमध्ये यांतलं काही दिसलं की कान टवकारा.

तिरपा डोळा

माहिती छान, पण सरासरी न जमणाऱ्या मुलांना क्षेपणास्त्र आणि विमानं सांगून काय साधणार? घाबरतील बिचारी. किंवा 'आपण कुठे रॉकेट बनवतो' म्हणून सोडून देतील.

शेवाळ

रॉकेटचं नाव काढलंतच म्हणून सांगतो. :)

४ जून १९९६ ला एरियन ५ पहिल्याच उड्डाणात जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला जात होता, तो मावला नाही. तो कोड एरियन ४ मधून जसाच्या तसा उचललेला होता आणि तिथे *बरोबर चालत होता*. जुनं रॉकेट इतक्या आडव्या वेगाला पोचतच नसे. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला. कहर म्हणजे कोडचा तो भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता.

मुलांसाठी यातलं रॉकेट काढून टाका. उरतं ते रोजचं आहे: दुसऱ्या प्रोग्राममधलं चालतं फंक्शन कॉपी केलं, आणि ते ज्या गृहीतकावर उभं होतं ते सोबत आलं नाही.

जुनाटजावा

शेवाळ यांच्या यादीत एक भर, याला रॉकेट लागत नाही. बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्यात) मधला खाना काढायला आपण डावी हद्द अधिक उजवी हद्द भागिले दोन करतो. जावाच्या प्रमाण लायब्ररीतही तसंच होतं, आणि वर्षानुवर्षं वापरात राहून २००६ मध्ये जाहीर झालं की यादी प्रचंड मोठी असेल तर ती बेरीजच ओसंडते आणि मधला खाना ऋण येतो. उपाय: डावी हद्द, अधिक दोघांमधल्या फरकाचा अर्धा भाग.

कानामात्रा

मंडळी, अक्षरांच्या चुका कुणीच काढल्या नाहीत? मी मराठी मजकुरावर काम करते, आमच्याकडे ही वेगळी जत्रा आहे.

'क्षि' ची लांबी किती? वाचणाऱ्याला एक अक्षर. पायथॉनला विचारा, ४ सांगेल: क, हलन्त, ष, वेलांटी. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत बाइट मोजले तर १२. आता 'पहिली ५० अक्षरं दाखवा' अशी सूचना आली आणि कुणी बाइट मोजून मजकूर कापला, की शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन. कोडपॉइंट (म्हणजे वरच्या चारसारखे सुटे घटक) मोजून कापला तर लोंबकळणारा हलन्त.

आणि सगळ्यात चिवट म्हणजे 'दुसऱ्या'. त्यातला अर्धा र कुणी ऱ वापरून टाइप करतो, कुणी साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे. शोधलं तर एक सापडतो, दुसरा नाही. युनिकोड नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची ठरलेली पद्धत) लावलं तरी ही जोडी एक होत नाही, आपला नियम लिहावा लागतो. असं काही वाटलं की डोळ्यांवर विश्वास न ठेवता दोन्ही शब्दांचे कोडपॉइंट आकड्यांत छापून बघायचे. दोन मिनिटांत भांडं फुटतं.

सावळा गोंधळ

म्हणजे शोध लागत नाही म्हणून मी इथल्या सर्चला शिव्या घालायचो ते...

कानामात्रा

ते वेगळं. इथला सर्च खरंच वाईट आहे.

बैठा पहारा

कानामात्रा, जबरदस्त. 'डोळ्यांवर विश्वास न ठेवता आकड्यांत छापा' हे सगळीकडे लागू पडतं. ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा, आकड्यासारखा दिसणारा मजकूर, सगळं यात येतं. '४०' आणि '५०' हे मजकूर म्हणून जोडले तर ४०५० होतात, ९० नाही.

पण छापून बघण्यालाही मर्यादा आहे. दोन थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे) एकाच व्हेरिएबलवर हात मारत असतील तर मधे प्रिंट टाकली की वेळेचं गणित बदलतं आणि चूक दिसेनाशी होते. प्रिंट काढली की परत हजर. याला लोक हायझेनबग म्हणतात. अशा वेळेवर अवलंबून असलेल्या चुकीचं, म्हणजे रेस कंडिशनचं, सगळ्यात वाईट उदाहरण थेरॅक-२५ हे किरणोपचार यंत्र. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा गेली, काही दगावले. त्यातल्या एका चुकीत, यंत्र चालवणारा माणूस सराईत झाला आणि नोंद *झटपट* दुरुस्त करायला लागला तेव्हाच गडबड व्हायची. सावकाश टाइप करून तपासणाऱ्यांना ती दिसेना. आधीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही तीच खोड होती, पण तिथे हार्डवेअरचे अडसर होते म्हणून झाकली गेली. नव्या यंत्रात ते अडसर काढले होते.

तिरपा डोळा

हे मात्र मुलांना सांगा. 'माझ्या मशीनवर तर चालतं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला सांगा.

जुनाटजावा

पाटीपेन्सिलांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, सुरुवात कुठून. माझा क्रम असा. चूक हुकमी घडवून आणता येते का? येत नसेल तर आधी तेच काम. मग इनपुट छाटत न्यायचं. हजार ओळींच्या फाइलवर पडतो ना, पाचशेवर पडतो का? अडीचशेवर? शेवटी एकच ओळ उरते आणि तिच्याकडे बघताक्षणी कळतं. कोडच्या इतिहासाचंही तसंच. मागच्या महिन्यात चालत होतं, आज चालत नाही, मधे हजार कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल). कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमधलं बायसेक्ट लावा, दहा फेऱ्यांत दोषी कमिट हातात येतो, कारण दर फेरीला निम्मे बाद होतात.

डीबगर (प्रोग्राम एकेक ओळ थांबवत चालवणारं हत्यार) मी त्यानंतर उघडतो. आणि एका वेळी *एकच* गोष्ट बदलायची. पाच बदलून चाललं तर कशाने चाललं ते कळत नाही.

सावळा गोंधळ

बायसेक्टनंतर गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणारी आज्ञा) चालवायचं नाही. मैत्री टिकते.

गोधडी

अवांतर: कुणाला तरी मोठ्याने समजावून सांगणं ही पद्धत राहिली. काहीजण टेबलावर रबरी बदक ठेवतात. आमच्या टीममध्ये ते काम नवीन आलेल्याला मिळतं. त्याला काही समजत नाही, आपल्याला चौथ्या वाक्यात समजतं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

आज वर्गात करून बघितलं. जुनाटजावांचे १, १०, १०० वाले आकडे दिले, कोड बंद ठेवायला लावला. बेरीज ११११० आली म्हटल्यावर अधिक ८ वालाच ओरडला, "पहिला गेला!" मग त्याने लूप शून्यापासून केलं आणि जुन्या आकड्यांवर ६० आले. मग गोधडींच्या सांगण्याप्रमाणे रिकामी यादी दिली. (आता पाचऐवजी यादीच्या लांबीने भागतोय.) पायथॉन शून्याने भागाकार म्हणून पडला. मुलांचं म्हणणं, यादी रिकामी असेल तर सरासरी शून्य द्यावी. मला ते पटत नाहीये, पण का ते नीट सांगता आलं नाही. तुम्ही काय द्याल?

शेवाळ

शून्य मुळीच नको. ०, ०, ० ची सरासरीही शून्यच. मग 'सगळ्यांना शून्य मिळाले' आणि 'कुणी परीक्षेलाच बसलं नाही' यांत फरक कसा करणार?

आणि गंमत बघा. हाच प्रोग्राम जावात डबल (दशांश आकड्यांचा प्रकार) वापरून लिहिला असता तर पडलाच नसता, ०.० भागिले शून्य म्हणजे नॅन. नॅन तर स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. दोन नॅन समान आहेत का विचारलं तर नाही असंच उत्तर. तो ज्या हिशोबात मिसळेल त्याला खराब करत जातो.

बैठा पहारा

पायथॉनचं पडणं इथे चांगलं आहे. चूक जिथे झाली तिथेच दिसली. शून्य दिलंत तर ती तीन अहवाल पुढे जाऊन दिसेल, आणि दिसणारही नाही कदाचित. फक्त 'शून्याने भागाकार' याऐवजी 'यादी रिकामी आहे' असा स्वतःचा संदेश देऊन पाडा, म्हणजे रातकिड्यांना रात्री त्रास नाही.

रातकिडा

त्या संदेशात कुठली यादी तेही लिहायला सांगा. फाइलचं नाव, वर्गाचं नाव, जे असेल ते. 'यादी रिकामी आहे' एवढंच असलेले लॉग रोज वाचतो मी.

तिरपा डोळा

मी इथे विरोधात. अहवालाच्या पानावर वीस वर्ग असतील आणि एका रिकाम्या वर्गापायी अख्खं पान पडणार असेल तर वापरणारा शिव्या घालेल. फंक्शनने पडावं हे कबूल, पण बोलावणाऱ्याने ते झेलून तिथे एक आडवी रेघ दाखवावी. काय करायचं ते सरासरी काढणाऱ्याने ठरवायचं नाही, अहवाल मागणाऱ्याला विचारायचं.

पाटीपेन्सिल

तिरपा डोळा, हे आवडलं. उद्या हाच गृहपाठ: एक फंक्शन पाडणारं, एक झेलणारं. रातकिडा, संदेश तुम्हाला तपासायला पाठवू का?

रातकिडा

पाठवा. दिवसा पाठवा.